माळ घालू की डॉक्टरकडे नेऊ?

*ताई, नमस्कार. मी फलटण तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. मुलगा सोळाचा, यंदा अकरावीला गेला, क्लाससाठी रोज एसटीने फलटणला जातो. दिव्यांच्या अवसेला संध्याकाळी मी दिवे घासून पाटावर मांडत होते, तेव्हा तो घरी आला. वास आला म्हणून जवळ गेले, तर तोंड फिरवून खोलीत निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची सॅक धुवायला काढली तर आत कागदाची पुडी आणि पातळ पातळ कागद. पुडीत गांजा होता हे मला भाच्याने सांगितलं, मला कुठलं ओळखता यायला.*

*यजमानांनी त्याच्या दोन कानाखाली दिल्या. पण त्याच अवसेला मळ्यातल्या खोलीवर त्यांचीही गटारी झाली होती. ते रोज पीत नाहीत. शनिवारी, नाहीतर काही कार्यक्रम असला की. श्रावण मात्र कडक पाळतात. मुलगा मार खाता खाता म्हणाला, "तुम्ही श्रावणात सोडता, मी परीक्षेत सोडतो." त्यावर घरात कुणालाच काही बोलता आलं नाही. मला एकटीला गाठून म्हणतो, गांजा महादेवाचा असतो, कुंभमेळ्यात साधू ओढतात ते चालतं का?*

*सासूबाई माळकरी आहेत. त्या म्हणतात, ज्ञानेश्वरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लाव आणि गळ्यात माळ घाल, पोर आपोआप ताळ्यावर येईल. भाऊ म्हणतो डॉक्टरला दाखव. गल्लीतल्या एकीने कुठल्याशा महाराजांचं औषध सांगितलंय, न सांगता चहातून द्यायचं. मी सकाळी हरिपाठ लावते तर हा कानात हेडफोन घालून बसतो. अध्यात्माने मुलं खरंच वाचतात का ताई? की आम्हीच संस्कारांत कमी पडलो? सासरे होते तोवर त्यांच्याबरोबर काकड्याला पखवाज वाजवायचा. ते कोरोनात गेले.*

*— एक आई*

ताई,

आधी ते चहातलं औषध. देऊ नका. आणलं असेल तर मोरीत ओता. असल्या पुड्यांत काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर एक गोळी देतात. ती घेतल्यावर दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. म्हणूनच ती पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने देतात. ती किंवा तसलं काही गुपचूप पोटात गेलं आणि वरून दारू पडली, तर जिवावर बेतू शकतं. शिवाय तुमच्या पत्रातली मुख्य अडचण गांजाची आहे, त्यावर त्या गोळीचा काही उपयोग नाही. आणि आईने केलेल्या चहावरचा मुलाचा विश्वास एकदा उडाला की परत येत नाही. ते महाराज पुढे उतारा काढू, मुलाला चार दिवस आमच्याकडे ठेवा असं म्हणाले, तर महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे एवढं त्यांच्या कानावर घाला.

आता तुमचा प्रश्न. अध्यात्माने मुलं वाचतात का?

वाचतात. या विषयावर अमेरिकेत आणि इतर देशांत अनेक वर्षं अभ्यास झालेत. ज्यांच्या आयुष्यात श्रद्धेला खरोखर जागा आहे, अशी मुलं दारू आणि नशेकडे कमी वळतात, वळली तरी उशिरा वळतात, असं त्यांत बऱ्यापैकी सातत्याने दिसतं. हा उशीरही लहानसहान नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं आढळलं की पंधराच्या आत दारू सुरू करणाऱ्यांत पुढे तिच्या आहारी जाणारे, एकविशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या जवळपास चौपट होते. म्हणजे मुलाने पहिला घोट चार-पाच वर्षं पुढे ढकलला तरी खूप झालं.

पण मी वर 'खरोखर जागा आहे' असं लिहिलं. सगळी मेख तिथे आहे.

माझे एक मामा माळकरी होते. गावात मान होता, भजनात चाल धरायचे, एकादशी चुकली नाही. आणि प्यायचे. प्यायला जायच्या आधी गळ्यातली माळ काढून माजघरातल्या खुंटीला, कॅलेंडरच्या शेजारी अडकवायचे. रात्री यायचे, पडायचे, सकाळी आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून माळ पुन्हा गळ्यात. सुट्टीत आम्ही पोरं तिथे असायचो. खुंटीकडे बघूनच आम्हाला कळायचं की आज लवकर जेवून मामीजवळ आत झोपायचं. मामीने एकदा वैतागून ती खुंटीच उपटली. मामा माळ खिशात ठेवायला लागले.

माळ खोटी होती असं मी म्हणत नाही. मामांची श्रद्धाही खोटी नव्हती. पण त्यांनी देवाशी वेळापत्रक ठरवून घेतलं होतं. अमुक वेळ तुझा, अमुक माझा. गटारी-श्रावणाची गंमत तरी दुसरी काय आहे? तीस दिवस पाळायचं म्हणून आदल्या दिवशी गटारात लोळेपर्यंत प्यायची. घरातली बाई त्या दिवशी दिव्यांची पूजा करते, कणकेचे दिवे उकडते, आणि घरातला पुरुष मळ्यात. तुमच्या मुलाने हे सोळा वर्षं पाहिलंय. 'तुम्ही श्रावणात सोडता, मी परीक्षेत सोडतो' हे त्याचं वाक्य उद्धट आहे, पण तुमच्या अख्ख्या पत्रात त्याच्याइतकं खरं दुसरं काही नाही. घरात अध्यात्म म्हणून त्याला जे शिकवलं गेलं, ते तो अचूक शिकला.

तेव्हा संस्कार कमी पडले का, हा प्रश्न सोडून द्या. तो रात्रभर जागवण्यापलीकडे काही करत नाही.

ज्ञानेश्वरीवर हात ठेवून शपथ, ही सासूबाईंची कळकळ मला समजते. त्यांनी स्वतः असंच काही पाळून आयुष्य काढलं असेल. पण सोळाव्या वर्षी, मार खाल्ल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सगळ्यांच्या देखत घ्यायला लावलेली शपथ मुलगा घेतो ती सुटका करून घ्यायला. ती मोडली की दोन गोष्टी होतात, आणि मी त्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाहिल्यात. एक तर तो लपवायला शिकतो, कारण आता फक्त आईला नाही, माउलींना फसवलंय. आणि दुसरं म्हणजे, 'मोडलीच आहे तर आता काय' असं म्हणून तो आधीपेक्षा जास्त घेतो. एका घसरणीचं पाप इतकं मोठं करून ठेवलं की परत यायची वाटच बंद होते. माळेचंही तेच. ती त्याने मागू दे. सत्तराव्या वर्षी मागितली तरी चालेल. सासूबाईंना एवढंच विचारा, तुमच्या गळ्यात ती कुणी जबरदस्तीने घातली होती का?

मग अध्यात्मातलं नेमकं काय मुलाला धरून ठेवतं? तुम्ही ज्या मुलखात राहता तिथे हे पुस्तकातून सांगायची गरज नाही. दरवर्षी माउलींची पालखी नीरेवरून लोणंद, तरडगाव, फलटण करत तुमच्या दारावरून जाते. दिंडीत चालणाऱ्या मुलाकडे नीट बघा. पहाटे त्याला कुणीतरी उठवतं. त्याच्या हातात टाळ किंवा पताका असते, म्हणजे त्याला काम असतं. तो थकलाय हे शेजारच्याला कळतं. त्याला नावाने नाही तर 'माउली' म्हणून हाक मारतात, आणि हाक मारणारा त्याच्या आजोबांच्या वयाचा असतो. रात्री पाय इतके दुखतात की तंबूत पडल्या पडल्या झोप. अठरा-वीस दिवस त्याला रिकामी, एकटी संध्याकाळ मिळत नाही. गांजाची पुडी उघडते ती नेमकी तशाच संध्याकाळी. (वारीत सगळे धुतल्या तांदळाचे असतात असा माझा दावा नाही. तंबाखूच्या पुड्या किती सुटतात ते तुम्हीही पाहिलं असेल.)

आइसलँड नावाचा एक चिमुकला देश आहे. १९९८ साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगली होती. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. तिथे कुणी माळ घातली नाही की कीर्तन ठेवलं नाही. मुलांना खेळ आणि वाद्यं शिकायला सरकारने पैसे दिले, आईबापांनी आपसात ठरवून संध्याकाळी मुलांबरोबर जास्त वेळ काढायला सुरुवात केली, सोळापर्यंतच्या मुलांनी रात्री उशिरा बाहेर हुंदडायचं नाही हा नियम सगळ्यांनी मिळून पाळला. सांगायचा मुद्दा, दिंडीत जे आपसूक होतं त्यातलं बरंचसं त्यांनी देवाशिवाय घडवून आणलं. मी श्रद्धा असलेली बाई आहे, तरी हे मान्य करावं लागतं. मुलाला हातात काम, सोबत माणसं आणि त्याच्यावर नजर ठेवणारा एखादा मोठा मनुष्य मिळाला की निम्मी लढाई झाली.

उरलेल्या निम्म्यात मात्र देव येतो असं मला वाटतं. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुडे एकमेकांशी तासन्‌तास बोलत बसले. एक शेअरबाजारातला, एक डॉक्टर. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. आज आपल्याकडेही कितीतरी गावांत तिच्या सभा भरतात, फी नसते, आडनाव विचारत नाहीत. त्यांच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण 'ज्याला जसा उमजेल तसा'. तिथे येणारा माणूस पहिलं काय कबूल करतो? की हे माझ्या एकट्याच्या हाताबाहेर गेलंय. आपल्याकडे शरण जाणं म्हणतात ते हेच. आमच्या मामांनी शेकडो वेळा पांडुरंगापुढे डोकं टेकलं, पण 'मला हे झेपत नाही, मदत करा' असं एकदाही कुणा माणसाला म्हटलं नाही.

समाजआरती तुम्ही पाहिली असेल. पालखी मुक्कामी आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदार हातातला चोप, म्हणजे काठी, उंच करतो. लाखभर माणसं एका क्षणात गप्प. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी गप्प होत नाही. टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, काय झालं विचारतो, तक्रार ऐकून घेतो, तेव्हाच ते टाळ थांबतात. टाळ का वाजवता म्हणून कुणी त्यांच्या कानाखाली देत नाही.

तुमच्याकडे टाळ वाजतोय ताई. घरात सगळ्यांनी चोप वर केलेत, आणि हा वाजवतोच आहे.

तक्रार काय ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही अजून ठाऊक नाही. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिलीत. आजोबांबरोबर काकड्याला पखवाज वाजवायचा, ते कोरोनात गेले. पुढे पूर्णविराम. ते गेले तेव्हा हा अकरा-बारा वर्षांचा असणार. त्या काळात गेलेल्यांचं शेवटचं दर्शनही कितीतरी घरांना मिळालं नाही. या पोराशी त्याबद्दल कुणी बोललं का? पखवाज कुठे आहे आता? माळ्यावर?

हरिपाठ मोबाइलवर लावून घरभर ऐकवणं बंद करा. हेडफोन त्याच्यासाठीच आलेत. त्याच्याशी बोला, पण समोर बसवून नाही. मुलगे समोरासमोर बोलत नाहीत. गाडीवर मागे बसून बोला, शेंगा फोडताना बोला. म्हणा, "मला पुडी सापडली. मी घाबरलेय. आज ओरडणार नाही. किती दिवस झाले, कुणाबरोबर, आणि एकटा असताना घेतोस का?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. दोस्तांबरोबर दोनदा ओढून पाहणं आणि झोप येत नाही म्हणून रात्री गच्चीवर एकट्याने ओढणं, यांत फार अंतर आहे.

महादेवाचं जे म्हणतो, त्याला उडवून लावू नका, कारण खरं तर तो तुमच्याशी धर्माबद्दल बोलायला आलाय. तोही स्वतःहून! त्याला सांगा, महादेवाने हलाहलही प्यायलं, तेही बाकीचे वाचावेत म्हणून, आणि ते गळ्याखाली उतरू दिलं नाही. ते करून बघू असं कुणी म्हणत नाही. साधूने घर सोडलं, अकरावीचं फिजिक्सही सोडलं. आणि मग देव बाजूला ठेवून साधी शरीराची गोष्ट सांगा. मेंदूचा जो भाग 'थांब, विचार कर' म्हणतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. त्याच्या आत नेहमी गांजा घेतला तर लक्ष आणि स्मरणशक्तीवर परिणाम होतो. घराण्यात कुणाला मानसिक आजार असेल तर भास, संशय, वेडाचे झटके यांचा धोका वाढतो. असं कुणी असेल तर ते लाजेखातर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने गांजा जवळ बाळगणं गुन्हा आहे हेही त्याला माहीत असू दे, पण धमकी म्हणून वापरू नका.

आता यजमानांना चार शब्द. हे पत्र त्यांना वाचायला द्या.

दादा, तुम्ही मारलंत कारण घाबरलात, हे मी समजू शकते. सध्या श्रावण चालू आहे, म्हणजे तुम्ही पीत नाही आहात. तेव्हा हीच वेळ आहे. मुलाला मळ्यात घेऊन जा, त्याच खोलीवर, आणि सांगा की तू बोललास ते खरं होतं. एवढं वाक्य बापाच्या तोंडून निघालं तर त्याला दहा प्रवचनांचं बळ आहे. गाडगेबाबा गावात गेले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात 'दारू पिऊ नका' म्हणून सांगायचे. लोक ऐकायचे ते दिवसभर त्यांना झाडताना पाहिलेलं असायचं म्हणून. श्रावण संपल्यावर मळ्यातली बैठक बंद ठेवून पाहा, आणि दर रविवारी मुलाला विचारू द्या, 'पप्पा, या आठवड्यात?' जमलं नाही तर तेही त्याला खरं सांगा. आणि खरंच जमत नसेल, हात थरथरायला लागले, झोप उडाली, तर डॉक्टरकडे आधी तुम्ही जायचं. घरात तुमचा शनिवार चालू ठेवून मुलाने सोडावं, असं होताना मी फारसं पाहिलेलं नाही. (आपल्या राज्यात बिअरला वय २१ लागतं आणि कडक दारूला २५. सोळाच्या पोराला दारू किंवा गांजा देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गांजा त्याला कुणी दिला, हेही शांतपणे शोधा.)

भावाचं म्हणणं बरोबर आहे, डॉक्टरला दाखवा. मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं म्हणजे पोर वेडं ठरत नाही. माळ की डॉक्टर, अशी निवड तुम्ही माझ्यापुढे ठेवलीत, पण त्यांचं आपसात भांडण नाही. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तिथेही औषधांच्या जोडीला प्रार्थना, गाणी, व्यायाम आणि घरच्यांशी बोलणं आहेच. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन फुकट आहे, १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचे समुपदेशक मराठीत बोलतात. आधी तुम्ही एकट्याने फोन करा, तो तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. तो रोज घेत असेल, क्लास बुडवत असेल, पैसे नाहीसे होत असतील, एकटा पडला असेल, तर दिवस घालवू नका. कानात आवाज येतात म्हणाला, कुणी मागावर आहे म्हणाला, जगण्यात अर्थ नाही म्हणाला, तर त्याच दिवशी. आणि जिथे पोरांना मारतात, बांधून ठेवतात, घरच्यांना भेटू देत नाहीत अशा 'केंद्रात' त्याला टाकू नका, कुणीही कितीही खात्री देवो.

सासूबाईंना या सगळ्यातून वगळू नका. त्यांना काम द्या. त्यांनी नातवाला उपदेश करायचा नाही, आजोबांच्या गोष्टी सांगायच्या. तरुणपणी पायी वारीला गेले तेव्हा काय झालं, पखवाज कुणाकडे शिकले, पहिल्यांदा वाजवताना कुठे चुकले. विशेषतः चुकले ते.

पुढची आषाढी लांब आहे, पण कोजागिरीनंतर गावात काकडा सुरू होईल. महिनाभर रोज पहाटे. ज्याला साडेचारला उठून देवळात पखवाज घ्यायचाय, त्याला रात्री बारापर्यंत कट्ट्यावर बसणं परवडत नाही, हे गणित तो स्वतःच मांडेल. त्याला 'जा' म्हणू नका. काकड्याला वाजवायला माणूस लागतो आणि तुझ्या आजोबांची जागा रिकामी आहे, हे देवळातल्या एखाद्या जाणत्याने त्याला येऊन विचारलं पाहिजे. तो जाणता तुम्ही शोधायचा. 'नको' म्हणाला तर 'नको'. देव मानत नाही म्हणाला तरी हरकत नाही, पखवाज वाजवायला तशी अट नसते. त्याला तालमीत जावंसं वाटलं तर तिथेही कोपऱ्यात मारुती असतोच.

तोवर एवढं करा. येत्या रविवारी पखवाज माळ्यावरून खाली काढा, पण तुम्ही नाही, त्याला काढायला सांगा, तुमचा हात पोचत नाही म्हणून. खोळीवर धूळ असेल, वाद्या सैल झाल्या असतील. इतकी वर्षं पडून राहिलेल्या पखवाजाची उजवी पुडी बहुतेक उतरलेली असणार, शाईही निघाली असेल. पुडी भरून देणारा कारागीर फलटणला मिळतो का विचारा, नाहीतर पंढरपूरला आहेत. त्याच्याबरोबर एसटीने तुम्हीच जा. डाव्या पुडीला कणीक लागते. ती किती सैल भिजवायची हे त्याला आजोबांनी दाखवलेलं असणार, तुम्हाला येत नसेल. त्याला विचारा.